चांद्याचा १८५८ चा लढा समजून घेण्यासाठी सात युद्धपट

१/
२१ ऑक्टोबर १८५८. चांद्याच्या तुरुंगाच्या आवारात, पिंपळाच्या झाडाखाली, पंचवीस वर्षांच्या एका गोंड जमीनदाराला फाशी देण्यात आली. नाव बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके, जमीनदारी मोलमपल्लीची. आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलांत त्यांनी काही महिने कंपनी सरकारशी सशस्त्र झुंज दिली होती. या लढ्याची छायाचित्रे नाहीत, रणभूमीची चित्रे नाहीत. मोठ्या पडद्यावरही तो महाराष्ट्रभर पोहोचलेला नाही. मात्र जगातील काही युद्धपट असे आहेत की ते पाहिल्यावर चांद्याच्या या लढ्याविषयी नेमके प्रश्न विचारता येऊ लागतात. अशा सात चित्रपटांची ही शिफारस. त्याआधी लढ्याची हकिकत थोडक्यात.

२/
डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तक वारस अमान्य करून राज्य खालसा केले, आणि त्याबरोबर चांदाही कंपनीच्या अमलाखाली गेला. वैनगंगेच्या पूर्वेकडील जंगलात तेव्हा गोंड जमीनदारांची जुनी व्यवस्था नांदत होती. गोंड राजे गेले, भोसले आले, तरी डोंगरातल्या जमीनदाराचा अधिकार फारसा हलला नव्हता. नव्या सरकारला मात्र मोजणी, नोंद आणि थेट हुकूम हवा होता. बाबुरावांचा जन्म १८३३ चा. त्यांचे शिक्षण रायपूरला, इंग्रजी शाळेत झाल्याचे चरित्रकार सांगतात. म्हणजे ज्या सत्तेविरुद्ध ते उभे राहिले, तिची भाषा त्यांना अगदीच अपरिचित नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवावी. धाग्याच्या शेवटी तिचे काम पडणार आहे.

३/
मार्च १८५८ मध्ये बाबुरावांनी राजगड परगण्यावर चाल केली. गोंड, माडिया आणि रोहिले त्यांच्या सैन्यात होते. आरपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी पाठवलेल्या फौजेशी घोसरी, सगणापूर, बामणपेठ या भागांत चकमकी झडल्या. २९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुडी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले आणि पीटर नावाचा तिसरा निसटला. त्यानंतर अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांनी सरकारला साहाय्य केले. सप्टेंबरमध्ये बाबुराव पकडले गेले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना फाशी झाली. व्यंकटराव बस्तरकडे निघून गेले. १८६० मध्ये तेही हाती लागले आणि त्यांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

४/
या हकिकतीचा बराचसा सांगाडा इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांतून आणि पुढे १९०९ च्या चांदा जिल्हा गॅझेटिअरमधून आलेला आहे. त्या कागदांची शब्दकळा ठरलेली असते. बाबुराव ‘लूटमार’ करतात, सरकार ‘बंदोबस्त’ करते. दुसरीकडे गावोगावच्या कथांत बाबुरावांच्या अंगी दैवी बळ येते आणि फाशीचा दोर तुटतो. एका बाजूला दरोडेखोर, दुसऱ्या बाजूला अवतार. या दोन टोकांच्या मध्ये डावपेच आखणारा, मित्र जोडणारा, चुका करणारा आणि हरणारा एक सेनानी होता. त्याला शोधायचे कसे, हा इतिहासाचा प्रश्न आहे. चांगला युद्धपट या कामी उपयोगी पडतो, कारण कॅमेरा कुठे ठेवायचा हे दिग्दर्शकाला ठरवावेच लागते. कागदपत्र लिहिणाराही कुठेतरी उभा असतोच, पण तो आपली जागा दाखवत नाही.

५/
मराठी माणसाला पडद्याचे हे सामर्थ्य फार लवकर उमगले होते. १९२३ मध्ये कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने बाबुराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. कथेला आधार होता हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीचा. रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला गेला आणि तरुण व्ही. शांताराम शेलारमामांच्या भूमिकेत उभे राहिले. १६७० ची ती रात्र मराठी मनात आज जशी उभी आहे, तिच्या घडणीत बखरी आणि पोवाड्यांइतकाच कादंबरीचा आणि चित्रपटाचाही वाटा आहे. जी लढाई पडद्यावर आली, ती पिढ्यांच्या स्मरणात राहिली. चांद्याच्या वाट्याला अशी संधी आली नाही, म्हणून बाहेरचे चित्रपट हाताशी घ्यावे लागतात.

६/
पहिला चित्रपट: ‘झुलू’ (१९६४), दिग्दर्शक साय एंडफिल्ड.
२२ आणि २३ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील रोर्क्स ड्रिफ्ट या ठाण्यावर सुमारे दीडशे ब्रिटिश सैनिकांनी हजारो झुलू योद्ध्यांचा हल्ला परतवला. या बचावासाठी ११ व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आले. त्याच दिवशी, काही तास आधी, इसांडल्वाना येथे झुलूंनी ब्रिटिश फौजेचा दारुण पराभव केला होता. चित्रपट त्या पराभवाचा उल्लेख करून पुढे सरकतो आणि ठाण्याच्या तटबंदीआड जाऊन बसतो. आतल्या प्रत्येक सैनिकाला नाव, स्वभाव आणि भीती आहे. बाहेरचे झुलू शूर आहेत, भव्य आहेत, पण जवळजवळ सगळेच निनावी आहेत. गंमत अशी की झुलूंचा राजा सेत्श्वायो याची भूमिका त्याच्याच वंशातील मांगोसुथू बुथेलेझी यांनी केली आहे.
पाहताना विचारायचा प्रश्न: कॅमेरा तटाच्या कोणत्या बाजूला आहे? हाच प्रश्न चिंचगुडीला लावून पाहावा. तिथल्या दोन मृतांची आणि निसटलेल्या तिसऱ्याची नावे कागदावर आहेत. हल्ला करणाऱ्या शेकडो हातांपैकी नावे किती उरली?

७/
दुसरा: ‘सेव्हन समुराई’ (१९५४), दिग्दर्शक अकिरा कुरोसावा.
सोळाव्या शतकातील जपानमधले एक गरीब गाव पीक लुटणाऱ्या टोळीपासून संरक्षणासाठी सात समुराई नेमते. चित्रपट सुमारे साडेतीन तासांचा आहे, पण त्यातला एक मिनिटही वाया जात नाही. समुराईंचा प्रमुख कांबेई आधी गावाभोवती फिरतो, नकाशा काढतो, पाणी कुठे आणि वाट कुठे हे पाहतो. शत्रूचे जितके लोक तितकी वर्तुळे कागदावर काढली जातात आणि एकेक पडेल तसे एकेक वर्तुळ खोडले जाते. लढाई म्हणजे आरोळ्या नव्हेत, भूगोल आणि हिशेब, हे इतक्या स्पष्टपणे फार थोड्या चित्रपटांनी दाखवले आहे.
यानंतर वैनगंगा, वर्धा आणि प्राणहिता यांचा नकाशा समोर घ्यावा. चपराळ्याजवळ वैनगंगा आणि वर्धा एकत्र येतात आणि तेथून प्राणहिता सुरू होते. एप्रिलमध्ये नदीला उतार असतो, पावसाळ्यात तीच वाट बंद होते. साग आणि बांबूचे रान मार्चअखेर विरळ होते, आडोसा कमी होतो. बाबुरावांच्या चकमकी मार्च-एप्रिलमधल्या आणि अटक सप्टेंबरमधली. मधले महिने पावसाचे. हे वेळापत्रक ऋतूंच्या चौकटीत ठेवल्याशिवाय लढ्याची गती कळत नाही.

८/
तिसरा: ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ (१९६६), दिग्दर्शक जिल्लो पोंतेकोर्वो.
फ्रेंच सत्तेविरुद्ध अल्जेरियन संघटनेने १९५४ ते १९५७ या काळात अल्जिअर्स शहरात चालवलेला लढा. पडद्यावरचे दृश्य वृत्तपटासारखे भासते, पण त्यात खऱ्या वृत्तपटाचा एकही तुकडा नाही. फ्रेंच कर्नलची भूमिका करणारे ज्याँ मार्तँ यांच्याव्यतिरिक्त बहुतेक सर्व कलाकार हौशी आहेत. लढ्यातील एक नेते सादी यासेफ यांनी स्वतःवरच बेतलेली भूमिका केली आहे. चित्रपट कोणालाही सवलत देत नाही. छळछावणी दाखवतो आणि उपाहारगृहात बॉम्ब ठेवणाऱ्या स्त्रियांसमोर बसलेली निरपराध माणसेही दाखवतो. २००३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेही पेंटागॉनमध्ये त्याचा खेळ लावला होता.
चिंचगुडीचा हल्ला या प्रकाशात वेगळा दिसतो. १८५७ च्या धामधुमीत तारेने इंग्रजांना बातमीची जी गती दिली, ती बंडवाल्यांच्या हाती नव्हती. तारखात्याच्या तळावरचा हल्ला म्हणजे शत्रूच्या कानावर आणि जिभेवर घातलेला घाव. त्याच वेळी हेही खरे की मारले गेलेले दोघे पगारी कर्मचारी होते. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात ठेवण्याचे धैर्य हा चित्रपट शिकवतो.

९/
चौथा: ‘ला ग्रांद इल्यूझियाँ’ (१९३७), दिग्दर्शक ज्याँ रन्वार.
पहिल्या महायुद्धातील फ्रेंच युद्धकैद्यांची ही कथा आहे. यात रणांगण जवळजवळ नाहीच. जर्मन किल्लेदार राउफेनस्टाइन आणि त्याचा फ्रेंच कैदी बोएल्दिये हे दोघेही सरदार घराण्यातले. त्यांची भाषा, शिष्टाचार, आठवणी एक आहेत. आपल्याच सैन्यातल्या कामगार वर्गातील माणसापेक्षा शत्रूपक्षाचा सरदार बोएल्दियेला अधिक समजतो. तरी शेवटी राउफेनस्टाइनलाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते. युद्धात माणसे केवळ दोन रंगांत वाटली जात नाहीत, हे या चित्रपटाचे सांगणे आहे.
अहेरीच्या लक्ष्मीबाईंचा प्रश्न येथे समोर येतो. ‘फितुरी’ हा एक शब्द उच्चारून अनेक कथनकार पुढे जातात. पण अहेरी ही त्या मुलखातली सर्वांत मोठी जमीनदारी होती. शेजारचा लहान जमीनदार शस्त्र घेऊन उठतो, कंपनी सरकार साहाय्य मागते, नकार दिल्यास जमीनदारी जप्त होण्याचे भय आहे आणि होकार दिल्यास बक्षिसाची आशा. बंडात सामील झालेल्यांची जप्त गावे पुढे अहेरीला मिळाली, हेही विसरता येत नाही. निवाडा करावा, पण त्याआधी तिच्यासमोर कोणते पर्याय होते ते मांडावे. देश ही कल्पना १८५८ च्या जंगलात जमीनदारीच्या सीमेपलीकडे कितपत पोहोचली होती, हा प्रश्न टाळून केलेला निवाडा टिकत नाही.

१०/
पाचवा: ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ (१९५७), दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक.
अवघ्या दीड तासाचा चित्रपट. १९१६ मध्ये एक अशक्य हल्ला फसतो आणि फ्रेंच सेनापती आपले अपयश झाकण्यासाठी तीन सैनिकांवर भ्याडपणाचा खटला भरतात. एकाची निवड चिठ्ठी टाकून झालेली, एकाची अधिकाऱ्याच्या आकसातून, तिसऱ्याची तो लोकांत नकोसा होता म्हणून. बचाव करणारा कर्नल डॅक्स न्यायालयाला सांगतो की आरोपपत्र वाचले गेले नाही आणि कामकाजाची नोंद ठेवली जात नाही. निकाल आधीच ठरलेला असतो, मधला वेळ केवळ विधीचा. हा चित्रपट फ्रान्समध्ये १९७५ पर्यंत दाखवला गेला नाही.
१८५७-५८ च्या उठावांतील खटले वाचणाऱ्याने हा चित्रपट आधी पाहावा. आरोपीला वकील होता का? साक्षीदार कोणाच्या आश्रयाला होते? आरोपीचे म्हणणे कोणत्या भाषेत घेतले आणि कोणत्या भाषेत उतरवले? बाबुरावांच्या बाबतीत अटक आणि फाशी यांमध्ये जेमतेम महिनाभराचे अंतर आहे. शिक्षेची तारीख ठळक आणि बचाव पुसट असे जिथे दिसेल, तिथे वाचकाने थांबावे.

११/
सहावा: ‘लायन ऑफ द डेझर्ट’ (१९८१), दिग्दर्शक मुस्तफा अक्कद.
लिबियातील वृद्ध शिक्षक उमर मुख्तार यांनी इटलीच्या सत्तेशी वीस वर्षे गनिमी झुंज दिली. १६ सप्टेंबर १९३१ रोजी, हजारो बंदिवानांसमोर, त्यांना फाशी देण्यात आली. अँथनी क्विन यांनी ती भूमिका अजोड केली आहे. काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडलेली टोळ्यांची कुटुंबे पाहताना कळते की गनिमी लढ्याचे मोल सर्वांत आधी गावाला मोजावे लागते. इटलीने या चित्रपटावर बंदी घातली आणि ती अनेक वर्षे राहिली.
चांद्याशी याचे साम्य सर्वांत जवळचे आहे: वाट ठाऊक असलेला स्थानिक नेता, परकी सत्ता, फाशी आणि मग दंतकथा. म्हणूनच येथे सावध राहायला हवे. चित्रपटाला पैसा गद्दाफींच्या राजवटीने पुरवला होता आणि त्यातला नायक जवळजवळ निर्दोष आहे. सत्तेला आपला पूर्वज संत हवा असतो. बाबुरावांवर कोणी चित्रपट काढला आणि त्यांना उमर मुख्तार यांचा साचा चढवला, तर प्रेक्षक भारावतील, पण मोलमपल्लीचा तरुण जमीनदार पुन्हा हरवेल. मुख्तार सत्तरी ओलांडलेले होते, बाबुराव पंचविशीत होते. घाई, धाडस आणि अननुभव यांचाही त्या कथेत हिस्सा असणार.

१२/
सातवा: ‘आरआरआर’ (२०२२), दिग्दर्शक एस. एस. राजामौली.
हा सर्वांनी पाहिलेला आहे, तरी पुन्हा पाहावा, कारण त्यातला कोमाराम भीम चंद्रपूरचा शेजारी आहे. आसिफाबादचा मुलूख राजुऱ्याच्या दक्षिणेला लागून आहे. खुद्द राजुराही एकेकाळी निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. भीम १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांशी लढताना मारले गेले. भीम आणि अल्लुरी सीताराम राजू यांची दिल्लीतली मैत्री ही राजामौलींची कल्पना आहे. त्यात गैर काही नाही.
प्रश्न वेगळ्या जागी आहे. चित्रपटाच्या शेवटी राजू भीमला काय हवे ते विचारतो आणि भीम शिक्षण मागतो. ‘जल, जंगल, जमीन’ हे शब्द राजू लिहून देतो. प्रत्यक्षात ही घोषणा भीम यांच्या लढ्याशी जोडलेली आहे. प्रचलित चरित्रांनुसार तरुण भीम पळून चांद्याला आले होते आणि तेथे एका छापखानेवाल्याच्या आश्रयाने लिहायला-वाचायला शिकले. इंग्रजी शाळेतल्या बाबुरावांची आठवण येथे पुन्हा काढावी. गोंड नेता शूर आणि निरागस, विचार मात्र दुसऱ्याचा, हा साचा पडद्यावर फार सहज बसतो. चांद्याच्या इतिहासातली ही दोन्ही माणसे तो साचा मोडतात.

१३/
कोणत्या क्रमाने पाहावे? ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’पासून करावी. लहान आहे आणि चटकन पकड घेतो. मग ‘झुलू’ आणि ‘बॅटल ऑफ अल्जिअर्स’ पाठोपाठ पाहावेत, म्हणजे तटाच्या दोन्ही बाजू दिसतील. ‘सेव्हन समुराई’ सुट्टीच्या दिवशी, मध्यंतर घेऊन. ‘ला ग्रांद इल्यूझियाँ’ शांत रात्री, कारण त्यातले बरेच काही नजरेत आणि हातमोज्यांत आहे. ‘लायन ऑफ द डेझर्ट’नंतर लगेच ‘आरआरआर’ पाहिला तर नायक कसा घडवला जातो हे उघड होते. प्रत्येक चित्रपटानंतर तीन ओळी लिहाव्यात: कोण बोलले, कोणाला बोलू दिले नाही आणि हिशेब कोणी ठेवला.

१४/
बाबुरावांच्या नावाचे टपाल तिकीट २००९ मध्ये निघाले. चंद्रपूरच्या तुरुंगातील त्या पिंपळापाशी दरवर्षी २१ ऑक्टोबरला माणसे जमतात. स्मरण आहे, आदर आहे. उणीव तपशिलांची आहे, आणि ते दोन ठिकाणी सापडण्याजोगे आहेत. एक, इंग्रजी अहवालांत, पण ते शब्दांमागे कोण उभे आहे हे ओळखून वाचावे लागतील. दोन, अहेरी, घोट, चामोर्शीकडच्या गावांत, गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या वृद्धांच्या तोंडी असलेल्या कथांत आणि गाण्यांत. पहिले ठिकाण ग्रंथालयात सुरक्षित आहे. दुसरे दरवर्षी थोडे थोडे कमी होत आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या ज्या तरुणाला यातला एखादा चित्रपट खरोखर आवडेल, त्याने पुढच्या सुट्टीत खिशातला फोन त्या कथनांपुढे धरावा, बोलणाऱ्याची परवानगी घेऊन, गोंडीतून आणि न तोडता. उद्या कोणी चांद्याच्या लढ्यावर चित्रपट काढायला निघाला, तर कॅमेरा तटाच्या दुसऱ्या बाजूला ठेवण्यासाठी त्याला ती नोंद लागणार आहे.